तेरा बेचाळीस म्हणजे स्टॅटिस्टिक्स!

टेक्ससमधल्या प्लेनोच्या मराठी मंडळात कुणाच्याही मुलाच्या कॉलेजचा विषय निघाला की वसुधाकाकूंना फोन जायचा. नाही गेला तर त्या स्वतः करायच्या!

"अगं, सोप्पं आहे," काकू सांगायच्या. "दोन वर्षं स्वस्तातलं कम्युनिटी कॉलेज, मग युनिव्हर्सिटीत ट्रान्सफर. कोर्सचा नंबर जुळला की क्रेडिट जुळलं! तेरा बेचाळीस म्हणजे स्टॅटिस्टिक्स. इथे शिका नाहीतर ह्यूस्टनला शिका!"

आता पाळी होती खुद्द काकूंच्या नकुलची. तो फॉलमध्ये, म्हणजे ऑगस्टच्या सत्रात, युनिव्हर्सिटीत जाणार होता. काकूंच्या हिशेबानं राहिलं होतं फक्त स्टॅट्स. ते झालं नाही तर सीट गेलीच, असं काकूंनी पक्कं धरलं होतं. आणि नेमका समरचा स्टॅट्सचा वर्ग इथे भरून गेला!

"अल्फारेटाला राजीवकडे पाठवते," काकूंनी जाहीर केलं. राजीव म्हणजे त्यांचा धाकटा भाऊ. "तिकडच्या कॉलेजात तेरा बेचाळीस घेईल."

"अगं पण ते जॉर्जिया," काकूंचे यजमान सुमंतराव दबकत म्हणाले. "तिथले नंबर वेगळे असतील."

"अहो, राज्य बदललं म्हणून दोन आणि दोन पाच होतात का?"

सुमंतरावांनी जन्मभर चिप्स डिझाइन केल्या होत्या. पण घरातल्या सर्किटमध्ये बोट घालायचं नसतं, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

नकुल सामान भरत होता, म्हणून रजिस्ट्रेशन काकूंनीच उरकलं. पोळी तव्यावर, फोन ओट्यावर, चष्मा देव जाणे कुठे! १३४२ टाकल्यावर एकच कोर्स आला. नंबराआधीची अक्षरं डिपार्टमेंटची, आपल्याला नंबराशी मतलब! नाव पडद्यावर अर्धंच मावलं होतं. 'इंट्रो टू', आणि पुढे एस, टी, ए. झालं की स्टॅटिस्टिक्स! काकूंनी पिठाच्या बोटानं बटण दाबलं. तव्यावरची पोळीसुद्धा टम्म फुगली!

कोर्स होता 'इंट्रो टू स्टेज कॉम्बॅट'. नाटकात खोटी मारामारी कशी करायची, त्याचा.

पहिल्याच दिवशी नकुलचा फोन आला. "आई, हा क्लास तू मुद्दाम निवडलास? आर यू शुअर?"

"मग! उगीच का एवढं लांब पाठवलं तुला?"

 पलीकडून नकुलचा भरून आलेला आवाज. "थँक्यू, आई. सीरियसली. तू कधी असं काही करशील असं वाटलंच नव्हतं."

काकूंनी पदर नव्हता म्हणून किचन टॉवेल डोळ्यांना लावला. एका कोर्ससाठी एवढा हळवा होणारा मुलगा अख्ख्या टेक्ससमध्ये सापडणार नाही!

पुढचे फोन तर आनंदीआनंदच.

"आज काय शिकलास?"

"फॉल. प्रोफेसर म्हणतात, फॉल नीट झाला की पुढे काही लागत नाही."

"अगदी बरोबर! फॉलची तयारी आत्तापासूनच हवी."

"आणि काल मी तीनदा मेलो!"

"अवघडच असतं रे राजा. मी बी.एस्सी.ला रोज मरत होते. पार्टनर बरा आहे का?"

"कुश? ऑसम! एका फटक्यात संपवतो."

"मग त्याला धरून राहा!"

राजीवमामा सकाळी ऑफिसला जायचा तो अंधार पडता यायचा. भाचा गुणगुणत घरात वावरतोय, एवढं त्याला पुरेसं होतं. त्यामुळे त्यालाही कशाचा पत्ता नव्हता. फायनल परीक्षा सगळ्यांना बघता येणार म्हटल्यावर बेसनाच्या लाडवांचा डबा घेऊन काकू विमानानं थेट अल्फारेटाला! सभागृह खचाखच भरलेलं.

"बघ राजीव, आकडेमोडीला केवढी गर्दी!"

दिवे मंदावले. रंगमंचावर नकुल आला. अंगात झगा, हातात तलवार. समोर ताडमाड कुश. काकू डोळे चोळतात न चोळतात तोच कुशनं नकुलच्या पोटात तलवार खुपसली! लालभडक रक्त! नकुल किंचाळला आणि पायऱ्यांवरून गडगडत खाली आला.

"अरे मेल्या, सोड त्याला! नाइन-वन-वनला फोन करा!"

काकू डब्यासकट रंगमंचावर! पहिला तडाखा कुशच्या खांद्यावर. तो वर्गातला हुशार विद्यार्थी, हात फैलावून, दोन गिरक्या घेऊन असा झकास कोसळला की सभागृह उठून टाळ्या वाजवायला लागलं. लाडू चौफेर उधळले.

प्रेतानं एक डोळा उघडला. "आई, मी मेलोय. प्लीज खाली बस."

नंतर बाहेरच्या बाकावर सगळा उलगडा झाला. काकूंनी विचारलं, "आणि स्टॅट्स?"

"मला वाटलं तू ते पुढे ढकललंस." नकुलचा चेहरा उतरला. "म्हणजे हे तू माझ्यासाठी निवडलं नव्हतंस?"

काकूंनी त्याच्याकडे पाहिलं. घामेजलेला, खोट्या रक्तानं माखलेला. गणिताच्या वर्गातून तो इतका फुललेला कधी आला होता?

"मेलास मात्र फर्स्ट क्लास हं," त्या म्हणाल्या आणि झग्याच्याच टोकानं त्याचं तोंड पुसलं. नकुल खुदकन हसला.

दुसऱ्या दिवशी काकूंनी स्पीकर चालू करून युनिव्हर्सिटीला फोन लावला. पलीकडच्या ॲडव्हायजरबाईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"सीट कुठे जातेय? स्टॅट्स इकडे आल्यावर पहिल्या वर्षात कधीही चालतं, इथेच घेऊ दे. शिवाय त्याचा कलेचाही एक कोर्स राहिलाय. त्या जागी हा बसेल. नंबर जुळत नाही, पण आम्ही कोर्समध्ये काय शिकवलं ते बघतो." बाई हसल्या. "हा कोर्स सुचवला कुणी? आमच्याकडे कुणाला सुचला नसता!"

नकुल आणि राजीव दोघंही काकूंकडे बघायला लागले.

काकूंनी घसा खाकरला. "प्लेनोला एक सल्ला देणाऱ्या बाई आहेत," त्या म्हणाल्या. "कामाला जरा नवीनच आहेत."