सैल सोडा, सर

मेंदूची रेघ मशीनवर कशी उमटवून घ्यायची ते आपल्याकडून शिकावं, असं रेघोबाचं स्वतःबद्दल ठाम मत होतं. रेघोबा हे त्याचं इस्पितळात पडलेलं नाव. काम मेंदूचे सिग्नल नोंदवण्याचं. चार नंबरच्या खोलीत कवायतीचे एक निवृत्त सर सहा दिवस पडून होते. फिट नेमकी कुठून उठते ते कळावं म्हणून डॉक्टरांनी कवटीच्या आत, थेट मेंदूवर, वायरी जोडलेल्या बारीक चकत्या बसवल्या होत्या. झोपेतली नोंद झाली, बोलतानाची झाली. स्वस्थ जागेपणीची तासाभराची तेवढी उरली होती. ती आज एकच्या आत मिळाली तर उद्या ऑपरेशन, नाहीतर डोक्यात वायरी घेऊन आणखी एक आठवडा. सर वैतागले होते, आणि उशाशी बसलेल्या त्यांच्या बायको, काकू, त्यांच्याहून जास्त.

"चहा निवायच्या आत उरकतो, काकू," रेघोबा म्हणाला. "सर, अंग अगदी सैल सोडा. जबडा मुळीच हलवायचा नाही."

रेघ सुरवंटासारखी केसाळ झाली. आसपासच्या विजेची खरखर मिसळतेय असं धरून रेघोबाने पंखा बंद केला. मग मोबाइल बाहेर गेले, पलंगाच्या मोटारीचा प्लग निघाला, शेवटी काकूही खुर्चीसकट दारापाशी गेल्या. दर फेरीला तो सरांना बजावायचा, "सैल, सर, सैल!" आणि सुरवंट आणखी गुबगुबीत व्हायचा. सिस्टर मध्येच काहीतरी सांगायला गेली, पण ऐकतो कोण?

"लिफ्ट!" रेघोबा एकदम म्हणाला. "भिंतीपलीकडे तिची मोटार आहे. बघतोच आता तिच्याकडे."

खाली लिफ्टवाला म्हणाला, चिठ्ठी आणा. चिठ्ठीवाला म्हणाला, सही आणा. सहीवाला मीटिंगमध्ये होता. पाऊण वाजता एकदाची लिफ्ट बंद झाली आणि रेघोबाला चार मजले पायी चढावे लागले. धापा टाकत त्याने दारातूनच मशीनचा पडदा पाहिला. रेघ बघत राहावी अशी स्वच्छ!

"बघितलंत? लिफ्टच होती."

"दादा, रेघ साडेअकरापासून स्वच्छ आहे," सिस्टर म्हणाली. "तुम्ही खाली गेलात तेव्हापासून."

रेघोबाने खोलीत डोकं घातलं. "सर, तुम्ही नक्की काय केलंत?" सर ताठ झाले. सुरवंट परत आला.

"अहो, चाळीस वर्षं कवायत घेतली त्यांनी," काकू म्हणाल्या. "कुणी हुकूम सोडला की दात घट्ट आवळून पाळतात. मग तो हुकूम अंग सैल सोडण्याचा असला तरी. तुम्ही गेलात आणि गप्प पडून राहिले बिचारे."

तेवढ्यात डॉक्टर जिना चढून, घाम पुसत आले. त्यांनी तासाभराची नोंद शेवटपर्यंत पाहिली.

"झकास. उद्या सकाळीच ऑपरेशन घेऊ." काकूंनी डोळ्यांना पदर लावला. डॉक्टर रेघोबाकडे वळले. "इतकी स्वच्छ रेघ! काय केलंस तरी काय?"

रेघोबा म्हणाला, "मी खोलीत नव्हतो, सर."

"उत्तम," डॉक्टर म्हणाले. "यापुढेही तेवढंच करत जा."