अण्णांनी बुरशी मारली

मागच्या ओळीतलं एक सूर्यफूल मान टाकून उभं होतं आणि अण्णांना ते काही बघवेना. त्यांनी ते सरळ उपटलं. मुळांना पांढरे तंतू! "बुरशी!" अण्णा गरजले, आणि बादलीभर पाण्यात औषध कालवून त्यांनी अख्ख्या ओळीला पाजलं.

हे अंगण अण्णांच्या बॅटरी दुरुस्तीच्या दुकानामागचं. जन्मभर फोडलेल्या बॅटऱ्यांचं शिसं तिथं इतकं मुरलं होतं, की गांडूळसुद्धा धापा टाकत चालायचं. सूनबाई मातीच्या प्रयोगशाळेत कामाला. सूर्यफुलं लावून ते शिसं बाहेर काढायचा प्रयोग तिनं सासऱ्याच्याच अंगणात मांडला होता. ती समजावून सांगायची तेव्हा अण्णा कौतुकानं मान डोलवायचे. ऐकायचे मात्र नाहीत.

जेवताना पराक्रम सांगायला अण्णांनी घसा खाकरला, तेवढ्यात सूनबाई म्हणाली, "परवा मोठे साहेब येतायत. सगळी मदार मुळांवरच्या बुरशीवर आहे. तीच मातीतलं शिसं ओढून मुळांच्या हाती देते. प्रयोग फसला तर माझी बदली ठरलेली."

अण्णांना ठसका लागला. बदली म्हणजे सून जाणार, मुलगा जाणार आणि अण्णांच्या विनोदांना हसणारं घरात कुणी उरणार नाही. सासूबाईंनी ते काम केव्हाच सोडलं होतं.

"अहो, सांगून टाका तिला," त्या कुजबुजल्या.

"वेडी की काय! मेली तर मेली, दुसरी आणू. बुरशीला काय तोटा?"

तोटा होता. सासूबाईंच्या राज्यात बुरशीला थाराच नव्हता. सगळं न्हाणीघर खरवडून चमचाभर निघाली. दुसऱ्या दिवशी अण्णा कुंपणाशी गेले.

"वहिनी, शिळा पाव आहे का हो?"

"ताजा देते की, अण्णा."

"नको, शिळाच. हिरवा पडलेला असला तर फारच उत्तम."

शेजारच्या शिंपीणबाईंच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. दुपारपर्यंत गल्लीभरातून पाव जमले, आणि सुनेबद्दलची कुजबुजही. अण्णांनी ते सगळे पाव मागच्या ओळीत पुरले.

साहेब आले ते थेट त्या ओळीशीच थांबले. "इथं बुरशीनाशक घातलंत ना?"

सूनबाईचा चेहरा पडला.

दाराआडून अण्णा पुढे धावले. "साहेब, तिचा काही दोष नाही! मी घातलं. बादलीभर. बदली करायची तर माझी करा!"

"वा!" साहेब खूश झाले. "फरक कळायला एक ओळ बिनबुरशीची हवीच. पुष्कळ जण नेमके तिथंच औषध घालायला विसरतात."

सूनबाईनं हळूच श्वास सोडला. ती विसरलीच होती.

"आणि हे काय?" साहेबांनी बुटाच्या टोकानं एक हिरवा पाव वर काढला.

"ते नंतर सुचलं," अण्णा पुटपुटले.

"असू दे. पावावरची बुरशी मुळांच्या वाटेला जात नाही."

साहेब गेल्यावर अण्णांनी सगळी कथा सांगितली, तेव्हा सूनबाई म्हणाली, "अण्णा, ते पांढरे तंतू म्हणजे कोवळी मुळं होती. माझी बुरशी डोळ्यांना दिसतसुद्धा नाही."

"मग ओरडायचं ना माझ्यावर!"

"ओरडेन नंतर. आधी पुढच्या दारात बसून पोटभर जेवा. आणि ढेकर जरा मोठ्यानं द्या, शिंपीणबाईंना ऐकू गेला पाहिजे."