कोळंबीच्या सालांचा प्रादेशिक विकास

आमच्या बंदरावरच्या कारखान्यात रोज कोळंबी सोलली जाते आणि तिची डोकी व सालं उरतात. या उरलेल्या मालाचा गेली बावीस वर्षं कुणालाही काहीही त्रास नव्हता, ही गंभीर बाब शासनाच्या लक्षात यायला जरा उशीरच झाला. त्रास नव्हता, कारण तो माल माझी आत्या घेऊन जायची. सकाळी तीन हातगाड्या भरायच्या, सालं गच्चीवर वाळवायची, घरच्या चक्कीत दळायची आणि कोंबड्या पाळणाऱ्यांना द्यायची. आतोबा गेल्यावर तिनं याच चक्कीवर थोरलीचं लग्न केलं. धाकटीचं कॉलेज अजून चालू होतं. आपण मूल्यवर्धन करतो आहोत, हे त्या बिचारीला ठाऊक नव्हतं.

मग पाच बंदरांनी एकत्र येऊन प्रादेशिक कवच मूल्यवर्धन समन्वय समिती स्थापन केली. तिचा लिपिक मी. पहिल्याच बैठकीत साहेबांनी टेबलावर मूठ आपटली. "या सालांपासून औषधं होतात, मलमं होतात, आणि आपण काय करतो? कोंबड्यांना घालतो!" सगळ्यांना एकदमच लाज वाटली. ठराव क्रमांक एक: समितीच्या परवानगीशिवाय एकही कवच फाटकाबाहेर जाणार नाही. टाइप मीच केला.

दुसऱ्या दिवशी आत्या कार्यालयात हजर.

"अरे, फाटकावर गाडी अडवली माझी! कचरा न्यायलाही परवाना लागतो का आता?"

"आत्या, तो आता कचरा नाही. संसाधन आहे."

"काल सकाळी तर कचराच होता!"

"ठराव दुपारी झाला."

"मग मी दळू काय? तुझा ठराव?"

मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? पण वाईट वाटण्यासाठी समितीच्या नमुन्यात रकाना नाही, म्हणून मी तिला अर्ज भरायला दिला.

सहकार्य म्हटलं की प्रत्येकाला वाटा हवा. त्यामुळे पहिल्या बंदरानं सालं मोजायची, दुसऱ्यानं धुवायची, तिसऱ्यानं वाळवायची, चौथ्यानं दळायची आणि पाचव्यानं प्रमाणपत्र द्यायचं असं ठरलं. मोजणीच्या कागदावर पाचही बंदरांच्या सह्या व्हायला आठवडा लागायचा. तिसऱ्या बंदराचा शेरा आला: 'माल द्रवरूपात पोहोचला. आमच्याकडे फक्त घन पदार्थ वाळवण्याची सोय आहे.'

तज्ज्ञ बोलावले. ते म्हणाले, सालं बर्फात ठेवा. पण नियमानुसार बर्फ फक्त खाण्याच्या मालाला मिळतो. अखेर साहेबांनीच तोड काढली. कोळंबी इथं सोलायचीच नाही. अख्खी कोळंबी खाण्याचा माल म्हणून बर्फात घालून पुढं पाठवायची, तिसऱ्या बंदरावर सोलायची आणि सालं ठेवून घ्यायची. राहिलं आतलं मांस. योजनेत त्याचा उल्लेख नसल्यामुळे ते परत आमच्याकडे पाठवून खाडीकाठी टाकायचं ठरलं. आमच्या कारखान्यातल्या सोलणाऱ्या बायका घरी बसल्या आणि मांसाच्या विल्हेवाटीसाठी उपसमिती बसली.

वर्षअखेर पाच बाटल्या भुकटी तयार झाली. प्रत्येक बंदराच्या काचेच्या कपाटात एक. सत्कार झाले, फोटो निघाले. आत्याचा अर्ज तेव्हा चौथ्या बंदराच्या अभिप्रायासाठी गेलेला होता.

तिनं चक्की विकली. धाकटी कॉलेज सोडून एका दुकानात लागली. आत्या ते सांगायला आली तेव्हा ओरडली नाही, आणि त्याचाच मला जास्त त्रास झाला.

"एवढंच सांग," ती म्हणाली, "हे सुरू कुणी केलं? मी कुणाचं काय घोडं मारलं होतं?"

मी मूळ फाईल काढली. वाटलं होतं, तळाशी वरून आलेलं एखादं पत्र असेल. निघाली एका नागरिकाची तक्रार. 'शेजारच्या गच्चीवरून वास येतो. रविवारी आम्ही घरी कोळंबीवर ताव मारायला बसलो की घास उतरत नाही. शासनानं काहीतरी करावं.'

आता खाडीकाठच्या सडलेल्या मांसाचा वास अख्ख्या गावात भरलेला आहे, पण तक्रार एकही नाही. सरकारी वास आहे म्हटल्यावर लोक मुकाट्यानं खिडक्या लावून घेतात.

आत्याला मी सांगितलं, की सहीच्या जागी नुसतं 'एक सुजाण नागरिक' लिहिलंय. अक्षर मी ओळखलं होतं, पण तुमचं नाव काही मी तिला सांगितलं नाही. तुम्ही निवांत जेवा.