परबकाकांचं टेस्टिंग

आमच्या दिंडोशीच्या सोसायटीत दुपारी चारला बेल वाजली, की दारात परबकाका असतात. काम काहीच नसतं. "काय नाय गो, टेस्टिंग चालू आहे," म्हणायचं आणि शेजारची बेल दाबायची. चार मजले, सोळा दारं, रोज! जन्मभर लिफ्ट दुरुस्त केलेला माणूस. निवृत्त झाला तरी बोट कुठे निवृत्त होतंय? मी तर हल्ली दारसुद्धा उघडत नाही. आतूनच ओरडते, "वाजतेय हो, काका!"

मी डिझाइन कॉलेजात शिकवते. हात लावला की उजळणाऱ्या, बोलणाऱ्या भिंती बनवायच्या आणि त्या वापरणाऱ्यांना सोबत घेऊनच बनवायच्या, हा माझा विषय. यंदा म्हटलं, घरापासूनच सुरुवात करू. गेटजवळच्या भिंतीवर दिव्यांचं झाड करायचं ठरलं. मीटिंगला अख्खी सोसायटी लोटली. पुठ्ठे कापले, वायरी ओढल्या, भांडणं तर विचारूच नका. मला इतकी मजा वर्गात कधी आली नव्हती.

परबकाकांचं म्हणणं एकच. भिंतीवर दोन पितळी मुठी लावायच्या. एकानं एक धरायची, दुसऱ्यानं दुसरी आणि मोकळ्या हातांनी एकमेकांचा हात धरायचा. तरच सर्किट पुरं, तरच झाड उजळणार.

"कोण कोणाचा हात धरतंय, काका? साधं बटण लावा ना!" सेक्रेटरी साठे म्हणाले.

काका चिडले की मालवणीत शिरतात. "बटण एकट्याक पुरता! मगे दुसऱ्याक कोण बोलवतलो?"

शेवटी तह झाला. रविवारच्या चाचणीत लोकांनी हात धरले तर मुठी, नाहीतर बटण. काका आठवडाभर पितळ घासत बसले होते.

रविवारी संध्याकाळी नुसती धमाल! पोरांनी अकरा जणांची साखळी केली, तरी झाड उजळलं. आम्ही किंचाळलोच! मग साठे आणि फर्नांडिसबाई पुढे आले. पार्किंगवरून दोघांचा वर्षभर अबोला. बाईंनी चक्क घरून स्टीलचा झारा आणलेला. एक टोक यांच्या हातात, दुसरं त्यांच्या. आणि झाड लख्ख!

"फाऊल!" काकांनी झारा जप्त केला. सगळे बघतायत म्हटल्यावर दोघांना हात धरावाच लागला. साठ्यांना हसू आलं, मग बाईंनाही. मुठी पास झाल्या आणि सगळे वडापाववर तुटून पडले.

मी काकांसाठी एक घेऊन भिंतीकडे वळले. काका एकटेच उभे होते. एक हात मुठीवर, दुसरा रिकामाच पुढे केलेला. झाड विझलेलं. काकी जाऊन दोन वर्षं झाली, मुलगा कॅनडात. मला ती सोळा दारं आठवली आणि माझं आतून ओरडणंही. फार लाज वाटली.

वडापाव कट्ट्यावर ठेवून मी दुसरी मूठ धरली आणि त्यांचा हात हातात घेतला. झाड उजळलं.

"चालतंय की, काका!"

"सोडू नको गो," झाडाकडेच बघत काका म्हणाले. "टेस्टिंग चालू आहे."