पुतळी काही आडवी होईना

बबनअण्णांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये, माझ्याच स्कूटरमागे पालथे पडलेले होते. लेंगा-सदरा, टोपी बाजूला, गाल फरशीला टेकलेला. मी बाणेरला नुकतीच राहायला आले होते. म्हातारा गेला, असंच वाटलं मला. हातातली पिशवी सुटली, टोमॅटो गाडीखाली घरंगळले. वॉचमनला हाक मारणार, तोच त्या देहाचा एक हात वर झाला.

"हळू, ताई. आत्ता कुठं ती खाली बघायला लागलीया."

ती म्हणजे पुतळी. तांबूस रंगाची, लांब पायांची गावठी कुत्री. अण्णा तिला आडवं व्हायला शिकवत होते, आणि आडवं होणं म्हणजे काय ते तिला समजावं म्हणून आधी स्वतः होऊन दाखवत होते. ती उभ्या उभ्या त्यांच्याकडे पाहत होती. तिलाही बहुधा म्हातारा गेला असंच वाटत असावं.

आमची सोसायटी जिथे उभी आहे तिथे पूर्वी अण्णांचा ऊस होता. त्या बदल्यात मिळालेला फ्लॅट माझ्या समोरचाच. सत्तरी ओलांडलेला धिप्पाड माणूस, गळ्यात तुळशीची माळ, आवाज असा की रिक्षावाला आपोआप ब्रेक दाबतो. बांधकाम संपलं, मजूर निघून गेले आणि वाळूच्या ढिगावर ही कुत्री तेवढी उभी राहिली. माणूस जवळ असला की ती अंग टेकतच नसे, म्हणून नाव पुतळी.

शिकवायची रीत अण्णांनी नातीने मोबाईलवर लावून दिलेल्या व्हिडिओतून उचलली होती. आवाज बंद ठेवून बघायचे. म्हणायचे, "इंग्रजी कळत नाय, हात कळत्यात." मुठीत खाऊ घ्यायचा, कुत्र्याच्या नाकाला लावायचा, मूठ सरळ खाली न्यायची आणि मग जमिनीवरून हळूहळू पुढे ओढायची. नाकामागून कुत्रं येतं, म्हणे. पुतळीचं नाक यायचं, पुढचे पाय वाकायचे; मागची बाजू मात्र तशीच वर. वाकून नमस्कार करताना कंबर धरावी तशी. अण्णा तेवढ्यावरही तिला घास द्यायचे. अजून तर काहीच झालं नाही, असं मी म्हटलं.

"अर्धं झालंय की," अण्णा म्हणाले. "अर्ध्याचा अर्धा घास."

भाकरीच्या तुकड्यांवर गाडी तिथेच अडली. मग एका सकाळी बेल वाजली. दारात अण्णा, आणि शक्य तितक्या लांब धरलेली एक काळी पिशवी. तुमच्यात चालतं का, असं त्यांनी चोरट्या आवाजात विचारलं. पिशवीत कोंबडीची कलेजी होती. मी नुसती त्यांच्या गळ्यातल्या माळेकडे बघत राहिले. हा माणूस अंड्याचा वास आला तर जिना बदलायचा. गावातल्या कुणी बघू नये म्हणून ते बाणेर सोडून थेट खडकी बाजारात गेले होते, आणि दुकानदाराने 'लेग का ब्रेस्ट' विचारल्यावर घामाघूम होऊन परत फिरणार होते. मी कलेजी उकडून बारीक तुकडे करून दिले. त्यांनी डोळे मिटून मूठ पुतळीपुढे केली.

त्यानंतर संध्याकाळी पार्किंगमध्ये प्रेक्षक जमू लागले. आमचे सेक्रेटरी जोशी एकदा थांबले आणि म्हणाले, "अहो, झोपायला शिकवावं लागतं हे मला नवीन आहे. आमच्या कमिटीत न शिकवता झोपतात."

अण्णा हसले. पण तिसऱ्या मजल्यावरच्या आयटीतल्या मुलाने, "अंकल, सिंपल आहे," म्हणत पुतळीच्या पाठीवर हात ठेवून तिला खाली दाबलं, तेव्हा अण्णा असे गरजले की वरच्या गॅलऱ्यांमधून माणसं डोकावली. पुतळी भिंतीला चिकटून थरथरत होती. मुलगा पांढराफटक. मी स्वतः दोन पावलं मागे सरले होते. अण्णांनीच मग त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"बैलाला म्या दोरानं पाय आवळून बसवलाय," ते म्हणाले. "बसला. पण परत माझ्याकडं बघितलं नाय त्यानं. मनानं झालं पायजे, पोरा."

पुतळी त्यांच्याजवळ यायलाच पुन्हा बरेच दिवस लागले. मग अण्णांनी नवा डाव काढला. फरशीवर घोंगडी अंथरली, तिच्यावर बसून एक गुडघा उभा केला आणि मूठ त्या गुडघ्याखालून पलीकडे ओढत नेली. कलेजी हवी तर सरपटत यायला हवं. पुतळीने विचार केला, मान घातली, खांदे घातले, आणि तिचं पोट घोंगडीला लागलं. त्याच क्षणी अण्णांच्या तोंडून "हां" निघालं आणि मूठ उघडली. पुढे गुडघ्याची गरज संपली, मग मुठीचीही. तळहात जमिनीकडे नेला की पुतळी आडवी. मला वाटलं, झालं, म्हाताऱ्याची हौस फिटली.

दुसऱ्या दिवशी अण्णांनी मला घरी बोलावलं. त्यांचं दार मी कधी पूर्ण उघडं पाहिलंच नव्हतं. ते एकटे राहतात अशी माझी खात्री होती.

आत खिडकीशी, पाय कापून बुटक्या केलेल्या खाटेवर एक बाई पडलेल्या होत्या. अण्णांच्या पत्नी, माई. अर्धांगाने वाचा गेलेली. एक हात तेवढा जरासा हलायचा, तोही वर उचलता येत नव्हता, खाटेच्या कडेवरून खाली लोंबत असायचा. इतके महिने समोर राहून मला कल्पना नव्हती. अण्णा सांगत होते, आजारी पडण्याआधी पुतळीला भाकरी घालायची ती माईच. बोटं हलावीत म्हणून डॉक्टरांनी रबरी चेंडू दिला होता. माईंनी तो टाकून दिला. कुत्री घरात आली की डोळे तिच्यामागे फिरायचे, पण उभ्या कुत्रीपर्यंत हात पोचत नव्हता.

मग खाली पार्किंगमध्ये कशाला शिकवलं, मी विचारलं.

"हितं शिकवलं असतं तर जमत नाय त्ये रोज हिला दिसलं असतं."

त्यांनी खाटेजवळ घोंगडी टाकली. तळहात खाली केला. पुतळीने नव्या जागी टाकलेली घोंगडी हुंगली, माईंकडे पाहिलं, अण्णांकडे पाहिलं. मग ती खाली झाली. लोंबता हात तिच्या मानेवर टेकला. बराच वेळ काहीच नाही. आणि मग बोटं हलली, केसांत शिरली, मिटली.

चेंडू नको होता तर तुमचा हात धरायचा ना त्यांनी, मी काहीतरी बोलायचं म्हणून बोलले.

अण्णा खिडकीबाहेर बघत होते. "धरायची. मला रडू यायचं. मग सोडून द्यायची."

पुतळीने सुस्कारा टाकला आणि हनुवटी घोंगडीवर ठेवली. माईंचा हात तिच्यासोबत खाली गेला.