अण्णांचं वारं

आमच्या नळदुर्गात पाहुणा आला की पाणी विचारतात. शेजारचे विठ्ठलअण्णा वारं विचारतात. "जळकोटाकडनं आलाव न्हवं? तोंडावर लागत हुतं का पाठीवर?" पाहुणा बिचारा एसटीत झोपून आलेला असतो. मग अण्णा त्याच्याकडे असं बघतात, जणू तो दहावीला तिसऱ्यांदा बसलाय.

अण्णा वीज खात्यातले निवृत्त वायरमन. नोकरीभर वादळ सुटलं की हे खांबावर. असा माणूस निवृत्तीनंतर वाऱ्याचं नाव काढणार नाही, असं आपल्याला वाटतं. पण पुण्यात नोकरी करणाऱ्या त्यांच्या मुलाला, संदीपला, शिडाच्या फळीचा नाद लागला. फळीवर उभं राहायचं, हातात शीड धरायचं आणि वाऱ्याच्या जोरावर पाण्यावरून पळायचं. एवढ्यासाठी इंजिनियर व्हावं लागतं. एका आषाढात तो इथल्या धरणावर खेळला, फळी घरी ठेवली आणि जाताना सहज म्हणाला, "अण्णा, वाऱ्यावर लक्ष ठेवा."

झालं. स्वतः गुडघाभर पाण्यापुढं न गेलेला हा माणूस रोज धरणावर जाऊन बसतो. घरी असले की माझा वाळत घातलेला शर्ट हेच त्यांचं यंत्र. तो काढला की म्हणतात, "गुरुजी, इचारून तरी काढायचा." आणि "पाणी काळं पडत आपल्याकडं आलं की समजायचं, वाऱ्याचा झोत आला," हे ज्ञान त्यांनी मला तेवीस वेळा दिलंय. मला पोहता येत नाही.

यंदा मे महिन्यात संध्याकाळी मी त्यांच्या ओट्यावर बसलो असताना संदीपचा फोन आला. अण्णांनी स्पीकर लावला.

"चार दिवस रजा मिळतीय. वारं असलं तर येतो, न्हाय तर मित्रांबरोबर गोव्याला."

दारातला लिंब वाकत होता. पोरगा दोन वर्षांत फिरकला नव्हता. मी खुणेनं सांगितलं, हाय म्हणा.

अण्णांनी लिंबाकडे पाहिलं. "वारं लई हाय. पर वळवाचं हाय. घटक्यात फिरतंय. मधी पाण्यात गाठलं तर काठाला येऊ देणार न्हाय. आषाढात ये, तवा सरळ असतंय."

"आषाढात आता रजा नसते, अण्णा."

"मग गोव्यालाच जा."

फोन ठेवल्यावर मी चिडलोच. "बोलवायचं की. आल्यावर फळीला हात लावू द्यायचा नाही."

"त्यो ऐकंल व्हय?" अण्णा म्हणाले. "म्या न्हाय म्हणलं तर येणार न्हाय, तेवढंच ऐकतोय."

मी उठायला लागलो.

"बसा की गुरुजी. आत्ताशी साडेसहा झाल्यात."

घड्याळ दारातून दिसणाऱ्या भिंतीवर होतं. साडेसात वाजून गेले होते. मी बसलो.