पडत्या पापणीचा मुहूर्त

ऐन लग्नसराईत वेणीमाधवशास्त्र्यांची उजवी पापणी पडायला लागली. सकाळी ती ठीक असे. दुपार झाली की दुकानाच्या शटरसारखी खाली येई.

"पलक की मांसपेशी ढीली है, पंडितजी," डॉक्टर म्हणाले. "ऐसे तो पेट भी उतर आता है."

"पोट केव्हाच उतरलंय, त्याची शिकायत नाही," अंबिकाबाई नवऱ्याकडे बघत म्हणाल्या. "तुम्ही डोळ्याचं बघा."

ऑपरेशनची तारीख पंधरा दिवसांनंतरची मिळाली, आणि प्रल्हादराव बँकवाल्यांच्या मुक्ताचं लग्न तर चार दिवसांवर आलेलं. काशीत दुर्गाघाटावरच्या मराठी लग्नांत तीस वर्षं मुहूर्त सांभाळायचे ते शास्त्रीच. घंगाळातल्या पाण्यावर तळाला भोक असलेली तांब्याची वाटी सोडायची. ती भरून बुडाली की मुहूर्त. गोंगाटात हाक ऐकू जात नाही, म्हणून शास्त्री उजवा डोळा मिटत आणि ती खूण पाहून विश्वेश्वरभटजी अंतरपाट काढत.

"मग खूण बदला की," अंबिकाबाई म्हणाल्या.

"म्हणजे कारण सांगावं लागेल. मुहूर्तवाल्याचाच डोळा गेला म्हटल्यावर कोण बोलावील मला?"

शेवटी अंबिकाबाईंनी पापणी वर ओढून चिकटपट्टी लावली, वर गंधाचा पट्टा ओढला.

लग्न भर दुपारी, मे महिन्यातलं. वराची आत्या शरदिनीबाई ग्वाल्हेरहून स्वतः रचलेली चौदा मंगलाष्टकं घेऊन आली होती. तिसऱ्यात अजून वराचे चुलत आजोबाच चालले होते. पाहुणे भुकेने कासावीस झाले होते आणि शास्त्र्यांना घामाच्या धारा लागल्या होत्या. पट्टी सुटली, पापणी पडली.

भटजींनी लगेच "तदेव लग्नं" सुरू केलं, अंतरपाट निघाला, बँड वाजला. आत्याबाई कागद धरून तशाच उभ्या राहिल्या. शास्त्र्यांनी घंगाळात पाहिलं, तर वाटी अर्धी रिकामी, मजेत तरंगत होती. त्यांच्या तोंडचं पाणी पळालं.

संध्याकाळी त्यांनी प्रल्हादरावांना गाठून सगळं कबूल केलं. "मुहूर्त दहा-बारा मिनिटं आधी लागला. चूक माझी. यापुढे दुसरा माणूस बघा."

प्रल्हादराव गंभीर झाले. "ऑपरेशन पक्कं झालंय?"

"अकरा दिवसांनी."

"थोडं पुढे नाही ढकलता येणार? धाकटीचं लग्न पुढच्या महिन्यात आहे, सासर तेच, ग्वाल्हेरचं. आत्याबाईंनी आत्ताच एकवीस रचायला घेतलीत."

आठवड्याभरात आणखी तीन वधूपिते हेच मागायला घरी आले. अंबिकाबाई वैतागल्या.

"अहो, खरंच का तुम्ही ऑपरेशन पुढे ढकलणार?"

 शास्त्र्यांचा उजवा डोळा तेवढा मिटला. तो त्यांनी मिटला की पापणीच पडली, हे अंबिकाबाईंना काही केल्या कळेना.